जमिनीवरचं बेट राखलं कुणी?

बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समुद्रच येतो ना? पण आंबेगाव तालुक्यात आहुप्याला जाऊन बघा. तिथली देवराई हेही एक बेटच आहे, फक्त भोवती पाण्याऐवजी शेतं आणि माळ. मॅकआर्थर आणि विल्सन यांनी १९६७ साली मांडलं की बेट जितकं लहान आणि एकाकी, तितक्या त्यावर प्रजाती कमी. पुढे हाच विचार तुटक जंगलांनाही लावला गेला.

आता आपला, म्हणजे इतिहासाचा प्रश्न. हे बेट राखलं कुणी? सरकारी दप्तर चाळलं तर १८७८ चा वन कायदा दिसतो, मग १९८५ चं भीमाशंकर अभयारण्य, शेकरूचं घर. देवराया मात्र त्याहून जुन्या. देवाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, हा महादेव कोळ्यांचा नियम कुणी कागदावर लिहिला नव्हता. त्यामुळे तो दप्तरात सापडत नाही. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी देवरायांचा अभ्यास केला, तो गावोगाव फिरून.

याचं महत्त्व फक्त प्रबंधापुरतं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे नियम गावातल्या जाणत्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही पुरावा मानतात. म्हणून 'नोंद नाही' आणि 'घडलंच नाही' यांची गल्लत करू नका. त्या गल्लतीची किंमत गाव मोजतं.