हौसेचे सांधे, पोटाचे सांधे

हाताने करावयाच्या कामाला आपल्या समाजात दोन भाव आहेत. एखादे वकीलसाहेब रविवारी पडवीत रंधा घेऊन बसले आणि त्यांनी एक तिवई केली, तर येणारा पाहुणा तिच्याभोवती फिरून तोंड भरून कौतुक करतो. तीच तिवई सुताराने करून आणली की तिचा एक पाय किंचित डुगडुगतो, हे आपल्याला ताबडतोब दिसते आणि आपण चार पैसे कमी करायला सांगतो. पहिल्या कामाला आपण हौस म्हणतो, दुसऱ्याला पोट. हौशीची चूक गोड, पोटार्थ्याची चूक हा अपराध!

हा भेद खरा किती आणि आपल्या मनाचा किती, हे पाहायचे असेल तर लोखंड सांधण्याच्या विद्येकडे, म्हणजे वेल्डिंगकडे पाहावे. गल्लीच्या तोंडाशी, पत्र्याच्या छपराखाली, दिवसाढवळ्या निळ्या उजेडाचे फुलबाजे उडवणारे ते दुकान आपण सगळ्यांनी पाहिलेले असते. ‘तिकडे बघू नकोस, डोळे जातील,’ असे आईने बजावलेलेही असते. त्या बजावण्यामुळेच की काय, त्या उजेडामागच्या माणसाकडे आपण कधी नीट पाहिले नाही.

मुळात लोखंड सांधणे ही विद्या फार जुनी. लोखंडाचे दोन तुकडे भट्टीत पांढरे होईपर्यंत तापवायचे, ऐरणीवर एकावर एक ठेवायचे आणि घणाचे घाव घालून एकजीव करायचे. दिल्लीचा सुमारे सात मीटर उंचीचा आणि सहा टनांहून अधिक वजनाचा लोहस्तंभ गुप्तकाळात याच रीतीने घडला. आपल्याकडे लोहाराच्या नेहाईवर आणि घिसाड्याच्या पालापुढे हाच सांधा शतकानुशतके बसत आला. घिसाड्याची बायको घण मारते, पोर भाता ओढते आणि बाप सांडशीत तांबडे लोखंड फिरवतो, हे चित्र खेड्यातल्या कोणत्याही माणसाला सांगायला नको. या विद्येत हौसेला जागाच नव्हती. लोहाराच्या घरी जन्मला तो लोहार. दुसऱ्या कुणी घण उचलून पाहण्याचे कारण नव्हते आणि लोहाराने तो खाली ठेवण्याची सोयही नव्हती.

ही कोंडी फोडली विजेने. मौज अशी की, विजेने लोखंड सांधण्याची युक्ती ज्याने काढली, तो रशियन गृहस्थ निकोलाय बेनार्डोस हा लोहार तर नव्हताच, पण शिकून झालेला इंजिनिअरही नव्हता. १८४२ साली जन्मलेला हा जमीनदार वैद्यकीचा अभ्यास अर्धवट टाकून शोधांच्या नादी लागला. एकामागून एक यंत्रे त्याच्या डोक्यातून निघत. १८८० च्या दशकात त्याने कोळशाच्या कांडीतून आणि लोखंडातून वीज खेळवली. मधल्या फटीत जी प्रखर ज्योत उठली तिने लोखंड वितळवून सांधले. ग्रीक पुराणातल्या लोहारदेवाच्या, हिफेस्टसच्या नावावरून त्याने या रीतीला ‘इलेक्ट्रोगेफेस्ट’ असे भरघोस नाव दिले. देशोदेशी पेटंटे घेतली. अखेरीस शोधांपायी घरची मालमत्ता गेली आणि १९०५ साली तो हलाखीत वारला.

त्याचा देशबांधव निकोलाय स्लाव्यानोव हा अगदी दुसऱ्या प्रकृतीचा. तो पर्म येथील तोफांच्या कारखान्यात काम करणारा खाणशास्त्राचा इंजिनिअर. कारखान्यात रोज काहीतरी मोडायचे आणि मोडलेले दुरुस्त करावेच लागायचे. १८८८ साली त्याने कोळशाच्या कांडीऐवजी धातूचीच कांडी धरली. ती स्वतः वितळते आणि फटीत भरून सांधा होते. आज गल्लीतला वेल्डर होल्डरमध्ये जो रॉड पकडतो, त्याचा हा आजा. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात स्लाव्यानोवने आठ वेगवेगळ्या धातूंचे व मिश्रधातूंचे थर एकावर एक सांधून केलेला एक पेला मांडला. एकमेकांशी न पटणारे धातूही एकत्र नांदवता येतात, हे त्या पेल्याने जगाला दाखवले. तेव्हा जन्मापासूनच या विद्येला बाप दोन, एक हौशी आणि एक कामकरी. हौशाने दार उघडले. कामकऱ्याने घरात राहण्याजोगी व्यवस्था लावली.

ज्योतीने सांधण्याची कथा थोडक्यात सांगतो. ॲसिटिलीन वायू एडमंड डेव्हीने १८३६ सालीच शोधला होता. पण तो स्वस्तात करायचा कसा हे कोडे होते. ते १८९२ साली विल्सन नावाच्या कॅनेडियन गृहस्थाने कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणात तयार करून सोडवले. आंबे झटपट पिकवण्याबद्दल आपल्याकडे बदनाम झालेले कार्बाइड ते हेच. त्यावर पाणी पडले की ॲसिटिलीन निघतो. त्यात प्राणवायू मिसळला की ज्योतीचे तापमान ३००० अंशांच्या वर जाते, हे फ्रान्सच्या ल शातेलिये या शास्त्रज्ञाने १८९५ साली दाखवले. १९०३ च्या सुमारास फ्रान्समध्येच ही ज्योत हातात धरण्याजोगी नळी तयार झाली. आता लोखंडाने भट्टीकडे जायचे कारण उरले नाही. भट्टीच लोखंडाकडे चालत आली.

या नळीपाशी आपल्याला एक विलक्षण माणूस भेटतो. हुलिओ गोन्सालेस, जन्म १८७६, बार्सिलोना. घर धातुकाम करणाऱ्यांचे. लहानपणापासून बापाच्या कारखान्यात हात काळे केलेले. पण मनाची ओढ चित्रकार व्हायची. म्हणून तो पॅरिसला गेला. तिथे चित्रे काढली आणि पोटासाठी दागिने व धातूच्या शोभिवंत वस्तू घडवल्या. नाव काही झाले नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, चाळिशी उलटलेला हा कलावंत पॅरिसजवळच्या बुलोन्य-बियांकूर येथील रेनो मोटारींच्या कारखान्यात कामाला लागला आणि गॅसची नळी हाती धरून वेल्डिंगची उमेदवारी करू लागला. सांधा शिकला तो पोटासाठी. त्यातून पुढे कला निघेल असे त्या वेळी त्याच्या स्वप्नातही नसावे.

दहा वर्षे ती विद्या त्याच्या हातात मुरत राहिली. मग १९२८ साली त्याचा बार्सिलोनापासूनचा स्नेही त्याच्याकडे मदत मागायला आला. स्नेही साधासुधा नव्हता. तो होता पाब्लो पिकासो. मित्राच्या, अपोलिनेर या कवीच्या स्मारकासाठी त्याला लोखंडाची शिल्पे हवी होती. कल्पनांचा तोटा नव्हता, पण लोखंड सांधता येत नव्हते. जगप्रसिद्ध चित्रकार कारागिराच्या दारात उभा राहिला आणि पुढची तीनचार वर्षे दोघांनी मिळून काम केले. त्या कामांपैकी एक आहे स्त्रीचे मस्तक. त्याची कवटी कशाची असेल? स्वयंपाकघरातल्या चाळण्यांची! गृहिणींनी हे वाचून आपल्या चाळण्या सांभाळाव्यात.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पिकासोला सांधा मिळाला आणि गोन्सालेसला धीर मिळाला. जी विद्या आपण केवळ मजुरी समजत होतो तिच्यात आपल्याला बोलता येते, हे त्याला पन्नाशीनंतर उमगले. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात स्पेनच्या दालनात पिकासोचे ‘गेर्निका’ हे चित्र लागले होते. त्याच दालनात गोन्सालेसची ‘मोंतसेरात’ उभी होती. डोक्याला रुमाल बांधलेली, कडेवर मूल आणि हातात विळा घेतलेली, लोखंडी पत्रा ठोकून व सांधून केलेली एक शेतकरीण. मायदेशात यादवी युद्ध पेटलेले असताना ती ताठ उभी आहे. १९४२ साली गोन्सालेस वारला. शेवटच्या वर्षांत युद्धामुळे वायूची टंचाई होती आणि त्याच्या हातातली ज्योत विझली होती.

त्याच्या आणि पिकासोच्या शिल्पांची छायाचित्रे एका मासिकात पाहून अमेरिकेत एका तरुणाचे डोळे उघडले. डेव्हिड स्मिथ त्याचे नाव. एका शिक्षिकेचा मुलगा. १९२५ च्या उन्हाळ्यात त्याने पैशासाठी स्टूडबेकरच्या मोटार कारखान्यात काम केले होते. कारखान्यातला हात आणि चित्रशाळेतला डोळा या दोन्हींचा मेळ घालता येतो, हे त्या छायाचित्रांनी त्याला दाखवले. १९३३ साली त्याने पहिली सांधलेली शिल्पे केली. नंतर ब्रुकलिनच्या धक्क्यावरच्या ‘टर्मिनल आयर्न वर्क्स’ या लोहारकामाच्या कारखान्यात जागा मिळवून तो कामगारांच्या शेजारी बसून शिल्पे करू लागला. पुढे डोंगरातल्या स्वतःच्या कार्यशाळेलाही त्याने तेच नाव दिले. चित्रशाळेला कारखान्याचे नाव देणारा कलावंत विरळा.

दुसरे महायुद्ध आले आणि त्याची कसोटी लागली. १९४२ ते १९४४ या काळात तो स्कनेक्टडी या गावी आगगाडीची इंजिने व रणगाडे बांधणाऱ्या कारखान्यात वेल्डर म्हणून राबला. ज्या हाताने मनाला येईल तो आकार सांधला, त्याच हाताने आता दुसऱ्याने आखलेल्या रेघेवर सांधा घालायचा. तो सांधा उसवला तर कौतुक कमी होणार नव्हते, माणसे मरणार होती.

योगायोग असा की, त्याच गावाचे नाव धारण करणारे एक तेलवाहू जहाज याच सुमारास अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, पोर्टलँड येथे बांधून तयार झाले. युद्धाची घाई होती. जहाजांना रिबिटे मारत बसायला वेळ नव्हता, म्हणून ती सांधली जात. एकट्या ‘लिबर्टी’ जातीची २,७१० जहाजे त्या काळात बांधली गेली. त्यातले ‘रॉबर्ट पिअरी’ तर नोव्हेंबर १९४२ मध्ये तळ घातल्यापासून पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरले. कालपर्यंत शेतात, दुकानात किंवा चुलीपाशी असलेले हजारो स्त्रीपुरुष काही आठवड्यांच्या शिकवणीवर वेल्डर झाले.

जानेवारी १९४३ मध्ये, समुद्रावरची चाचणी नुकतीच आटोपून ‘स्कनेक्टडी’ धक्क्याला उभे होते. वादळ नाही, शत्रू नाही, पाणी संथ. थंडीच्या रात्री अचानक मैलभर ऐकू जाईल असा आवाज झाला आणि जहाज मध्यावर चिरून जवळजवळ दुभंगले. साहजिकच सर्वांची बोटे प्रथम वेल्डरांकडे वळली. सांधेही काही ठिकाणी सदोष होतेच. पण पुढे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषीने दाखवून दिले की, मोठा दोष पोलादात होता. विशिष्ट तापमानाखाली ते पोलाद काचेसारखे ठिसूळ होई. रिबिटांच्या जहाजात पत्रे सुटे असत, त्यामुळे चीर पत्र्याच्या काठाशी थांबे. सांधलेल्या जहाजात सगळे अंग एकसंध, म्हणून चीर धावत सुटे. पुढे ते जहाज दुरुस्त होऊन समुद्रावर गेले. पण पहिला संशय घेतला गेला तो हातावर. पोलाद ज्यांनी पसंत केले आणि आराखडा ज्यांनी आखला, त्यांच्याकडे नजर उशिरा वळली. हा अनुभव जगातल्या कुठल्या कारागिराला नाही?

तेव्हा हौस आणि पोट यांत फरक आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तो कौशल्याचा नाही आणि प्रतिष्ठेचा तर मुळीच नाही. हौशी माणूस आपला सांधा आपण निवडतो. तो बसून काम करतो, कंटाळला की उठतो, बिघडले की भंगारात टाकतो. पोटार्थी माणसाला समोर येईल तो सांधा घालावा लागतो. टाकीच्या पोटात उताणे पडून, डोक्यावरून ठिणग्या अंगावर घेत, रंगाखाली कायमचा झाकला जाणारा सांधा तो घालतो. काळी काच चुकली की रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते आणि सकाळी पुन्हा कामावर जावे लागते. वरची खपली ठोकून काढली की खाली काय आहे, ते मुकादम पाहतो. मोठ्या कामावर तर क्ष-किरणांनी सांध्याची तपासणी होते. वकीलसाहेबांच्या तिवईचा क्ष-किरण कुणी काढल्याचे ऐकिवात नाही.

अलीकडे लहान मशीन घरच्या विजेवर चालते. गच्चीवर कुंड्यांच्या घडवंच्या सांधणारे हौशी लोक आपल्याकडेही दिसू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांनी एवढेच करावे की, पिकासोप्रमाणे कारागिराच्या दारात जावे. आणि कुठे थांबावे हेही शिकावे. कुंडीची घडवंची खुशाल सांधावी. पण ज्या कडीला नातवंडांचा झोपाळा टांगायचा, ती कडी रोज तेच काम करणाऱ्याकडून करून घ्यावी. ज्या सांध्यावर जीव लोंबकळतो, तो सांधा हौसेचा राहत नाही.

माझा व्यवसाय मास्तरकीचा. ‘अभ्यास केला नाहीस तर वेल्डर होशील,’ हे वाक्य मी पालकांच्या तोंडून पुष्कळदा ऐकले आहे. १९५० साली देशात कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली. आज तालुक्याच्या गावीही औद्योगिक प्रशिक्षण संस्था असते आणि वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा असतो. पण तिथे पोरगा गेला की घरचे खालच्या आवाजात सांगतात. उलट, इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलाने कार्यशाळेत एक वेडावाकडा सांधा घातला, तर तो फोटो नातेवाइकांत फिरतो. ज्या मुलाच्या बोटांत उपजत अक्कल आहे, तो हे दोन्ही प्रकार पाहत असतो. आपल्या बोटांची त्याला लाज वाटू लागते. मग तो अर्धवट मनाने पुस्तक उघडतो आणि अर्धवट मनाने नळी धरतो. अर्ध्या मनाने घातलेला सांधा कसा निघतो, हे सांगायला जाणकार नको.

गोन्सालेसला आपल्या हातातल्या विद्येचे मोल कळायला पन्नास वर्षे लागली आणि त्यासाठी दारात पिकासो यावा लागला. आपल्या गल्लीतल्या मुलांच्या दारात पिकासो येण्याचा संभव कमी. तेथवर आपल्याला तर जाता येईल! दिवाळीच्या आधी खिडकीची जाळी बसवायला जो माणूस येईल, त्याचे काम झाल्यावर, त्या सांध्यावरून एकदा बोट फिरवून पाहावे. गुळगुळीत, एकसारखे, जवळजवळ ठेवलेल्या खवल्यांसारखे उमटलेले त्याचे थर दिसतील. ते त्याने घाईत, उन्हात, शिडीवर उभे राहून घातलेले असतात. चार पैसे कमी करायला सांगण्यापूर्वी एवढे जरूर पाहावे.