मेंदू-प्रतिमांचे समूहस्तरीय सांख्यिकीय विश्लेषण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कार्यरत मेंदूच्या रंगीत प्रतिमा सामान्यतः छायाचित्रांप्रमाणे पाहिल्या जातात. वस्तुतः ते हजारो सांख्यिकीय चाचण्यांच्या निकालांचे नकाशे असतात. मोजक्या व्यक्तींच्या मेंदूंवरून संपूर्ण समष्टीविषयी विधान कितपत करता येते, हा या अभ्यासशाखेच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

सामायिक साचा आणि नवे तंत्र :
प्रत्येक मेंदूचा आकार भिन्न असल्याने समूहाची सरासरी काढण्यापूर्वी सर्व प्रतिमा एका साच्यात बसवाव्या लागतात. तालायराक व तूर्नू यांचा १९८८ चा प्रसिद्ध नकाशासंग्रह एकाच वृद्ध स्त्रीच्या मरणोत्तर मेंदूवर आधारलेला होता. पुढे मॉन्ट्रियल येथे ३०५ व्यक्तींच्या प्रतिमांच्या सरासरीतून नवा साचा तयार झाला. १९९१ मध्ये लंडन येथे कार्ल फ्रिस्टन यांनी 'एसपीएम' ही संगणकप्रणाली उपलब्ध करून दिली, तर १९९२ मध्ये कीथ वर्स्ली व सहकाऱ्यांनी असंख्य चाचण्या एकाच वेळी केल्याने उद्भवणाऱ्या प्रमादावर गणिती उपाय मांडला.

व्यक्तीकडून समष्टीकडे :
प्रारंभीच्या अनेक अभ्यासांत सर्व व्यक्तींची मोजमापे एकत्र करून केवळ व्यक्ती-अंतर्गत तफावत विचारात घेतली जाई. असे निष्कर्ष त्या विशिष्ट व्यक्तींपुरतेच मर्यादित राहतात. १९९८ मध्ये होम्स व फ्रिस्टन यांनी व्यक्ती-व्यक्तींमधील तफावत हीच समष्टीविषयक अनुमानाची कसोटी असल्याचे प्रतिपादन केले. त्यानंतर यादृच्छिक-परिणाम पद्धती रूढ झाली.

विश्वासार्हतेची परीक्षा :
२००९ मध्ये क्रेग बेनेट व सहकाऱ्यांनी एका मृत सामन माशाला मानवी प्रसंगांची छायाचित्रे 'दाखवून' त्याच्या मेंदूची तपासणी केली. बहुविध चाचण्यांसाठी आवश्यक दुरुस्ती न करता माशाच्या मेंदूत 'सक्रियता' आढळली. दुरुस्ती करताच ती नाहीशी झाली. २०१६ मध्ये एकलुंड, निकोल्स व क्नुटसन यांनी ४९९ निरोगी व्यक्तींच्या विश्रांत-अवस्थेतील प्रतिमांवर सुमारे ३० लक्ष समूह-विश्लेषणे केली. अपेक्षित ५ टक्क्यांऐवजी चुकीच्या सकारात्मक निष्कर्षांचे प्रमाण काही प्रसंगी ७० टक्क्यांपर्यंत गेले. सक्रिय बिंदूंच्या पुंजक्यांसंबंधीचे गणिती गृहीतक प्रत्यक्ष प्रतिमांना लागू पडत नव्हते, हे त्याचे प्रमुख कारण. मात्र सुमारे ४०,००० अभ्यास संशयास्पद ठरतात, असा अर्थ ध्वनित करणारे विधान लेखकांना नंतर दुरुस्त करावे लागले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकल्पात १०८ व्यक्तींची एकच सामग्री ७० संशोधकगटांना देण्यात आली. कोणत्याही दोन गटांची विश्लेषणपद्धती तंतोतंत सारखी नव्हती, आणि तपासावयाच्या ९ गृहीतकांपैकी अनेकांबाबत निष्कर्षांत लक्षणीय भिन्नता आढळली.

समारोप :
या इतिहासातील प्रत्येक दोष त्याच शाखेतील अभ्यासकांनी उघडकीस आणला, ही बाब उल्लेखनीय आहे. प्रतिमा कितीही स्पष्ट असली तरी तिचे प्रामाण्य नमुन्याचा आकार, व्यक्तिभेदांची दखल आणि गृहीतकांची सत्यता यांवर अवलंबून असते. शिक्षण, मानसशास्त्र वा न्यायव्यवहार यांत अशा प्रतिमांचा आधार घेताना हे भान आवश्यक ठरते.