प्रतिज्ञेतला ‘मी’

धर्मांतराचा इतिहास आपण आकड्यांत सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, लाखोंचा समुदाय. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास, १९६१ ला झाले जवळपास २८ लाख. आकडे खरे आहेत आणि त्यांचा अभिमानही खरा आहे. पण आकडा सांगून झाला की आपण गप्प बसतो. त्या २८ लाखांतल्या एकेका माणसाच्या मनात काय झालं, हे विचारत नाही. इथं ते विचारायचं आहे, आणि तेही आपल्या परभणीच्या मातीत उभं राहून.

आधी एक तारीख ध्यानात घ्या. नागपूरला दीक्षा झाली त्या दिवशी परभणी जिल्हा महाराष्ट्रात नव्हता, मुंबई राज्यातही नव्हता. तो हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, म्हणजे दीक्षेनंतर अवघ्या अठरा दिवसांनी. आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दोन महिन्यांच्या आत इथल्या माणसाचं राज्य बदललं, धर्म बदलला आणि बापही गेला. राज्य बदलायला त्याला कुणी विचारलं नव्हतं. धर्म मात्र त्याला स्वतःलाच बदलावा लागला.

निजामी मुलखात धर्म बदलणं ही काही नवी गोष्ट नव्हती. इस्लाममध्ये या म्हणणारे होते, ख्रिस्ती मिशनरी होते. भूक होती, वेठ होती, त्यामुळं जाणारे गेलेही. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पत्रक काढून हैदराबादच्या दलितांना बजावलं : संकटातून सुटायची सोपी वाट म्हणून इस्लाम स्वीकारू नका, निजामाच्या बाजूनं उभे राहू नका. आता बघा, १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात हिंदू धर्म सोडायची घोषणा करणारा हाच माणूस. घोषणा करून बारा वर्षं झाली होती. धर्म तर सोडायचाच होता, मग अडवलं का? कारण उघड आहे. भीतीनं केलेला बदल भीती सरली की उलटतो, आणि लोभानं केलेला बदल लोभ सरला की उलटतो. येवला ते नागपूर एकवीस वर्षं लागली. लोक म्हणत, एवढा उशीर कशाला? तो उशीर विचाराचा होता.

हैदराबादच्या हद्दीतही ती एकवीस वर्षं रिकामी गेली नाहीत. ३० डिसेंबर १९३८ ला कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकारानं परिषद भरली. १९४१ ला उस्मानाबादेकडं कसबे तडवळ्याला महार-मांग परिषद झाली, बाबासाहेब स्वतः आले. १९५० ला औरंगाबादेत कॉलेज निघालं, त्याला पुढं नाव दिलं मिलिंद. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्नावर प्रश्न विचारणारा राजा. खेड्यापाड्यातल्या पोरांच्या कॉलेजाला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव! हे उगाच नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडं या. गंगाखेड जनाबाईचं. नरसी नामदेवाची आणि औंढा नागनाथ ही दोन्ही गावं १९९९ ला हिंगोली वेगळा होईपर्यंत परभणीतच होती. औंढ्याची कथा पोरासोरांना ठाऊक आहे : नामदेवाला देवळामागं जा म्हणाले, तर देऊळच फिरलं. कथा गोड आहे. पण देऊळ फिरलं, माणसं फिरली नाहीत. संतांनी माणसाच्या आतलं दुःख बोलून दाखवलं, त्याचं मोल बाबासाहेबांनाही होतं. ‘द अनटचेबल्स’ हे पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केलं. पण चोखोबाची समाधी पंढरपुरात दाराबाहेर पायरीशीच राहिली, आणि ते दार उघडायला १९४७ ला साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. देवाच्या मनात समता आणि गावाच्या पाणवठ्यावर विटाळ, हे सहाशे वर्षं सुखानं नांदलं. म्हणून नुसती भक्ती पुरेना, धर्मच बदलावा लागला.

तो बदलणं किती अवघड होतं, हे आज कळत नाही. मरीआई ही त्या माणसाला पोथीतली देवी नव्हती. पटकी आली की वस्ती साफ व्हायची, आणि ती मरीआईच्या कोपानं होते असं आजा-पणजापासून ऐकलेलं. अशा घरात देव्हाऱ्यातले टाक उचलायचे नि गोदावरीत, पूर्णेत, दुधनेत सोडून यायचे. लेकरू तापानं फणफणलं तरी अंगारा लावायचा नाही. देव्हारा बहुतेक बाईच्या हातात असायचा, तेव्हा खरी परीक्षा तिची होती. मेलेलं ढोर ओढायचं नाही, म्हणजे गावाचा रोष आलाच. येसकराची भाकर मागायची नाही, म्हणजे रात्री चूल थंड. त्या माणसाला अक्षर येत नव्हतं, पण त्यानं विचार केला होता.

कागदानंही त्याला छळलं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ ला शीख आले, बौद्ध बाहेरच. राज्यानं १९६० नंतर सवलती दिल्या, केंद्रानं १९९० ला. चौतीस वर्षं बौद्ध म्हणवून घेण्याची किंमत मोजावी लागली. म्हणून पुष्कळांच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ राहिलं : घरात बुद्ध आणि रजिस्टरात हिंदू. पोटासाठी झालेली ती ओढाताण होती, तिला हसू नका. तरीही १९६१ ला २८ लाखांनी ‘बौद्ध’ लिहिलं, याचं वजन तेव्हा कळतं.

आणि २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, तेव्हा मराठवाडा पेटला. परभणी जिल्ह्यातल्या वस्त्याही पेटल्या. राग नुसता नावाचा नव्हता. जोहार घालायचा सोडून ‘जयभीम’ म्हणणारा माणूस डोळ्यांत सलत होता. सोळा वर्षं लढून १४ जानेवारी १९९४ ला बाबासाहेबांचं नाव लागलं. या काळात हा धर्म टिकला, कारण तो पटलेला होता.

आता तुमच्या-माझ्या पिढीचं. आपण जन्मानं बौद्ध. हे शब्दच कसे विपरीत आहेत बघा! जन्मानं मिळतं ते नाकारण्यासाठी हा धर्म घेतला, आणि तोच आता आपल्याला जन्मानं मिळतो. मग लग्नात त्रिसरण होतं आणि आधी गुपचूप मुहूर्त काढला जातो. हुंडा चालतो. बुद्धाचाच देव करून नवस बोलला जातो. पोटजात विचारली जाते. मातंग भावाच्या घरी आपण जेवतो का? शेजारच्या बीडचे एकनाथ आवाड मातंग समाजातले, २००६ ला बौद्ध झाले. लक्ष्मण माने भटक्यांना घेऊन २७ मे २००७ ला मुंबईत दीक्षेला उभे राहिले. त्यांना हा धर्म वारशात मिळाला नव्हता. ते विचार करून आले. आपण विचार करून थांबलो आहोत का, की नुसते बसलो आहोत?

बावीस प्रतिज्ञा पुन्हा वाचा. लाखोंच्या तोंडून एकदम निघाल्या, पण त्यांत ‘आम्ही’ नाही. ‘मी’ आहे. मी मानणार नाही, मी करणार नाही, मी पालन करीन. बाबासाहेबांनी मेळावा बोलावला, पण शब्द एकेकाकडून घेतला. बापानं दिलेला शब्द लेकाच्या नावावर आपोआप चढत नाही, सातबारा नव्हे तो. कालामांना तथागतानं सांगितलंच आहे, परंपरेनं आलं म्हणून मानू नका, स्वतः तपासा. ते आपल्या बौद्धपणालाही लागू आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनो, येत्या जयंतीला डीजेची वर्गणी काढण्याआधी वस्तीत एक बैठक घ्या. बावीस प्रतिज्ञा मोठ्यानं वाचा, एकेक थांबून. कोणती पटली, कोणती पाळतो, कोणती मोडली, ते प्रत्येकानं उभं राहून सांगावं. बायांना आधी बोलू द्या. म्हाताऱ्यांना विचारा, टाक नदीत सोडताना हात थरथरला होता का? आणि मग पुढची जनगणना येईल, तेव्हा धर्माच्या रकान्यात जे लिहाल, ते स्वतःच्या हातानं लिहा.

जयभीम.