रस्त्यांची राखीव थैली

घरांतील कर्ता माणूस पगार हातीं आला म्हणजे घरभाड्याची रक्कम एका पुरचुंडींत, मुलांच्या फीची दुसरींत आणि किराण्याची तिसरींत बांधून ठेवतो. प्रत्येक खर्चाची सोय आधींच लागली म्हणून त्याला स्वस्थता वाटते. परंतु मध्येंच घरांत आजारपण आलें तर फीची पुरचुंडी सोडावी कीं नाहीं, हा प्रश्न उभा राहतोच. राज्याच्या तिजोरीची गोष्टहि अशीच आहे. वाहनांवर बसविलेल्या कराचा पैसा केवळ रस्त्यांसाठीं बांधून ठेवावा, कीं इतर करांप्रमाणें तो सामायिक तिजोरींत टाकून शाळा, दवाखाने व पाटबंधारे यांच्या गरजांबरोबर रस्त्यांचीहि गरज तोलावी, हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. पुणें शहराला तो परका नाहीं; त्याचे बहुतेक सर्व टप्पे मुंबई-पुणें रस्त्याच्या कडेनेंच पाहावयास मिळतात.

या रस्त्यांत बोरघाटाचा अडसर मोठा. पूर्वीं कोंकणांतून देशावर येणारा माल बैलांच्या पाठीवरून घाट चढे. १८०४ सालीं जनरल वेलस्ली यानें तोफा वर नेण्यापुरती वाट नीट करविली. परंतु चाकाच्या गाडीस सुखानें जातां येईल असा रस्ता सर जॉन माल्कम गव्हर्नर असतां तयार झाला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजीं तो खुला करण्यांत आला. त्यावर टोल बसला. ही पद्धति समजावयास अत्यंत सोपी होती. जो चाले तो भरे. आणि ज्या रस्त्यावर भरे तो रस्ता त्याच्या डोळ्यांसमोरच असे. परंतु तिची उणीवहि लौकरच दिसून आली. १८६३ सालीं आगगाडी बोरघाट चढून गेली आणि रस्त्यावरील वर्दळ ओसरली. वर्दळीबरोबर टोलचें उत्पन्नहि उतरावें हें क्रमप्राप्तच होतें. घाटांत पाऊस मात्र पूर्वीइतकाच पडत राहिला. शिवाय ज्या खेड्याच्या वाटेनें दिवसाकांठीं पांचदहा बैलगाड्याच जात, तेथें नाकें उभारून नाकेदाराचा पगारहि निघाला नसता.

खेड्यांच्या रस्त्यांसाठीं मग वेगळी तजवीज झाली. १८६३ सालापासून मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा जादा पट्टी घेण्यांत येऊं लागली व १८६९ च्या कायद्यानें ती पक्की झाली. या लोकल फंडाचे दोन भाग करीत. दोन तृतीयांश रक्कम रस्त्यांसाठीं आणि एक तृतीयांश शाळांसाठीं. पुणें जिल्ह्यांतहि हीच रीत होती. रस्त्यांची राखीव थैली म्हणून जिला म्हणतां येईल ती आपल्या भागांत अशी जन्मास आली. तिच्यांत पडणारा पैसा गाडीवाल्याचा नव्हता, घोडागाडींत बसणाऱ्या सरदाराचा नव्हता. तो मावळांत भात लावणाऱ्या आणि शिरूर-बारामतीच्या माळावर बाजरी पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा होता. मोटार या देशांत येण्यापूर्वीं एक पिढीभर रस्त्यांचा आणा शेतानें भरला, ही गोष्ट पुढील सर्व वादांत ध्यानीं ठेवण्यासारखी आहे.

शहरांतील रीत निराळी होती. नगरपालिकांना गाड्या, घोडे व इतर जनावरें यांवर कर बसविण्याचा आणि शहरांत येणाऱ्या वाहनांवर टोल घेण्याचा अधिकार कायद्यानें होता. पुणें हें सायकलींचें शहर म्हणून नांवाजलें, तेव्हां सायकलहि या करांतून सुटली नाहीं. कर भरल्याची खूण म्हणून सायकलला लावलेला बिल्ला पुण्याच्या जुन्या पिढीला चांगला आठवतो. हा कर क्षुल्लक असे. परंतु तो घेणारी संस्था आणि रस्त्यांतील खड्डा बुजविणारी संस्था एकच होती. तक्रार कोणाकडे न्यावयाची याविषयीं संशय नव्हता.

मोटारीनें हा सारा हिशेब उलटापालटा केला. खडी, मुरूम आणि पाणी यांनीं दाबून केलेला रस्ता बैलगाडीच्या चालीसाठीं घडविलेला होता. मोटारीच्या वेगवान् रबरी चाकांनीं त्यावरील बारीक मुरूम धुळीच्या रूपानें उडूं लागला, तर गाडीच्या लोखंडी धावेनें त्यांत चाकोऱ्या पडत. मोटारवाला म्हणे कीं, लोखंडी धाव रस्ता फोडते आणि तिच्यावर कर नाहीं. शेतकऱ्यास म्हणतां येई कीं, आपण साऱ्यावर आणा भरीत आलों आहों आणि धूळ मात्र आपल्या पिकावर बसते. १९१७ सालीं पेट्रोलवर स्वतंत्र कर बसला; पण तो मध्यवर्ती सरकारचा होता. रस्ते प्रांतांकडे व लोकल बोर्डांकडे, आणि मोटारीपासून मिळणारें उत्पन्न दिल्लीकडे, अशी ही विषम वांटणी झाली.

तिचा विचार करण्यासाठीं १९२७ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या सभासदांची एक समिति नेमण्यांत आली. तिचे अध्यक्ष मुकुंदराव रामराव जयकर हे होते. पुढें पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले ते हेच जयकर, आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयास नांव आहे तेंहि त्यांचेंच. कायदेपंडित व कलांचा रसिक म्हणून त्यांची ख्याति असल्यामुळें रस्त्यांच्या इतिहासांतील त्यांचें स्थान पुष्कळांना ठाऊक नसतें. १९२८ च्या अहवालांत समितीनें असें प्रतिपादिलें कीं, रस्त्यांची वाढ आतां प्रांतिक सरकारांच्या व स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेर गेली आहे. ती राष्ट्राच्या हिताची बाब बनली असून तिचा कांहीं भार मध्यवर्ती तिजोरीनें उचलणें योग्य होईल. त्यासाठीं पेट्रोलवर गॅलनमागें दोन आणे जादा कर घेऊन तो रस्त्यांकरितां वेगळा ठेवावा, ही समितीची प्रमुख शिफारस होती. त्याप्रमाणें गॅलनमागील कर चार आण्यांवरून सहा आणे झाला आणि १ मार्च १९२९ पासून मध्यवर्ती रस्ता निधि अस्तित्वांत आला.

येथें जयकर समितीचा तोल नीट पाहावा. मोटारीचा सर्व कर रस्त्यांना द्यावा असें तिनें म्हटलें नाहीं. पूर्वींचे चार आणे सामायिक तिजोरींत राहिले. वरचे दोन आणेच राखीव झाले. मोटार ही त्या काळीं श्रीमंतांची चैन होती आणि चैनीवरील कर सर्वांच्या कामास आला पाहिजे. उलट रस्त्याचें काम दहा-दहा वर्षें पुरणारें असल्यामुळें त्याला दरसालच्या अंदाजपत्रकाच्या लहरीवर सोडणेंहि बरें नाहीं. या दोन्ही म्हणण्यांना त्या व्यवस्थेंत जागा मिळाली.

परंतु थैली बांधली म्हणजे प्रश्न सुटला असें होत नाहीं. ती कोणापुढें सोडावयाची हें ठरवावें लागतें. निधीचा एकदशांश भाग संशोधन व अखिल भारतीय महत्त्वाच्या कामांसाठीं मध्यवर्ती सरकारकडे राही आणि बाकीचा पैसा प्रांतांना तेथें खपणाऱ्या पेट्रोलच्या प्रमाणांत मिळे. न्याय तर सरळ दिसतो. पण त्याचा परिणाम असा कीं, जेथें रस्ते चांगले तेथें मोटारी अधिक, मोटारी अधिक तेथें पेट्रोल अधिक, आणि पेट्रोल अधिक तेथेंच पुन्हां रस्त्यांना पैसा अधिक. ज्या मुलखांत रस्ताच नाहीं त्याला या हिशेबांत तोंड उघडावयास जागा नव्हती. म्हणूनच डिसेंबर १९४३ मध्यें देशांतील मुख्य इंजिनियर नागपुरास जमले आणि त्यांनीं वीस वर्षांची योजना आंखली, तेव्हां त्यांनीं आरंभ पेट्रोलपासून न करतां गांवापासून केला. सुपीक प्रदेशांतील कोणतेंहि खेडें मोठ्या रस्त्यापासून पांच मैलांहून दूर असूं नये, हें त्या नागपूर योजनेचें सूत्र होतें.

विलायतेंतील अनुभवहि येथें बोधप्रद आहे. लॉइड जॉर्ज यांच्या १९०९ च्या अंदाजपत्रकांतून तेथें रस्तेसुधारणेचा निधि निघाला व मोटारवाल्यांना त्यांचा पैसा रस्त्यांवरच खर्च होईल असें अभिवचन मिळालें. निधींत शिल्लक सांठली. १९२६ व १९२७ सालीं अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनीं तींतील रक्कम सामायिक तिजोरींत ओढून घेतली. १९३७ पासून वाहनकराचा रस्त्यांशीं असलेला थेट संबंध तोडण्यांत आला आणि पुढें निधीचें नांवहि पुसलें गेलें. सारांश, पार्लमेंटनें मारलेली गांठ पार्लमेंटच सोडूं शकतें.

आपल्याकडे ती गांठ सोडण्याचीहि गरज भासली नाहीं. पेट्रोलवरील कर वर्षानुवर्षें चढत गेला. रस्ता निधीचा वांटा मात्र लिटरमागें साडेतीन पैशांवर अनेक वर्षें थबकून राहिला. थैली तशीच बांधलेली होती, फक्त तिचा आकार तेवढाच राहून घर मोठें झालें. २००० सालच्या कायद्यानें पेट्रोल व डिझेल यांवरील उपकराच्या बळावर या निधीला नवें रूप मिळालें आणि डिझेलवरील उपकराचा अर्धा भाग ग्रामीण रस्त्यांसाठीं ठरला. नागपूर योजनेंतील खेड्याला अशा रीतीनें साठ वर्षांच्या आंत-बाहेर थैलींत हक्काचा हात मिळाला. २०१८ सालीं मात्र या निधीच्या नांवांत 'पायाभूत सुविधा' हे शब्द आले व रस्त्यांखेरीज इतर कामांनाहि त्याचें दार उघडलें.

आतां पुण्याकडे वळावें. १९३५ सालीं मुंबई प्रांताच्या मोटार वाहन कर कायद्यानें मोटारीवरील कर प्रांताच्या हातीं एकवटला. गांवोगांवच्या नाक्यांवर मोटार थांबविण्याची पीडा त्यामुळें टळली, आणि त्याबद्दल स्थानिक संस्थांना भरपाई देण्याची व्यवस्था झाली. सोय मोठी झाली यांत शंका नाहीं. तथापि कर एकीकडे आणि खड्डा दुसरीकडे, ही फूट त्याच वेळीं पडली. १९५८ च्या कायद्यानें हीच रचना पुढें चालविली, व त्याच वर्षाच्या दुसऱ्या कायद्यानें एस. टी. च्या उतारूवरहि कर बसला. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धांवली होती, दहा वर्षांतच वाहनकर हा केवळ मोटारमालकाचा कर राहिला नाहीं, तो तिकीट काढणाऱ्या गरिबाचाहि झाला. २०१८ सालीं पुण्यांतील नोंदलेल्या वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येपुढें गेल्याचें प्रसिद्ध झालें. या वाहनांचा नोंदणीच्या वेळीं घेतलेला कर राज्याच्या तिजोरींत जातो. तीं ज्या गल्लींतून धांवतात तिची डागडुजी महानगरपालिकेला करावी लागते, आणि तिचा मोठा आधार घरपट्टी आहे. ज्याच्यापाशीं वाहनच नाहीं तोहि ती भरतो.

मध्यंतरीं टोलहि परत आला. १९८७ च्या दुरुस्तीनें खासगी भांडवलावर बांधलेल्या रस्त्यांवर व पुलांवर तो घेण्याची वाट मोकळी झाली. २००२ सालीं पूर्ण झालेल्या मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर टोल देतांना प्रवासी सहज विचारतो कीं, वाहनकर भरला, इंधनावर उपकर भरला, मग हा तिसरा कशाचा? २०१५ सालीं राज्य सरकारनें बारा नाकीं बंद केलीं व आणखी त्रेपन्न नाक्यांवर लहान मोटारींना आणि एस. टी. ला टोल माफ केला. ही माफी कोणाच्या तरी खिशांतून भरून निघावयाची होती, आणि तो खिसा सामायिक तिजोरीचाच होता.

न्यायालयांतहि हा वाद गेला. १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें राजस्थानच्या वाहनकराच्या खटल्यांत असें ठरविलें कीं, रस्त्यांच्या सोयीचा मोबदला म्हणून घेतलेला कर व्यापाराच्या स्वातंत्र्याआड येत नाहीं. पन्नासांहून अधिक वर्षें हा 'मोबदल्याचा' विचार टिकला. २०१६ सालीं नऊ न्यायाधीशांच्या पीठानें तो सोडून दिला. कर हा कर आहे. त्याचा विशिष्ट मोबदला मागतां येत नाहीं, हें तत्त्व पुन्हां दृढ झालें.

तेव्हां निष्कर्ष काय? 'ज्याचा कर त्याचा रस्ता' हें सूत्र ऐकावयास गोड आहे, पण इतिहासांत त्याचा हिशेब कधींच जुळला नाहीं. भरणारा शेतकरी होता तेव्हां रस्ता व्यापाऱ्याचा झाला; भरणारा पेट्रोल घेणारा झाला तेव्हां खेडें मागें पडलें. अमेरिकेंत १९५८ ते १९६० या काळांत झालेल्या प्रयोगांनीं तर असें दाखविलें कीं, आंसावरील भार दुप्पट झाला म्हणजे रस्त्याची झीज सुमारें सोळा पट होते. म्हणजे अवजड मालमोटारीच्या एका खेपेची झीज हजारों स्कूटरींनाहि करतां येणार नाहीं. झिजेच्या प्रमाणांत कर नाहीं आणि कराच्या प्रमाणांत रस्ता नाहीं, तेथें हक्काची भाषा कोणी कोणाला ऐकवावी?

मात्र एक गोष्ट राखीव ठेवण्याजोगी खास आहे आणि ती म्हणजे दुरुस्ती. नव्या रस्त्याला कोनशिला असते, उद्घाटन असतें, त्याची बाजू घेणारे पुष्कळ असतात. पावसाळ्यानंतर बुजवावयाच्या खड्ड्याला कोणी वाली नसतो. तंगीच्या वर्षीं प्रथम कात्री लागते ती त्यालाच, आणि आज चुकविलेला रुपया पुढें अनेक रुपये होऊन वसूल होतो. नवे रस्ते कोठें व्हावेत हें शाळा-दवाखान्यांच्या पंक्तीस बसवून लोकप्रतिनिधींनीं ठरवावें. दुरुस्तीपुरता वाहनकराचा ठराविक हिस्सा मात्र रस्ता ज्याच्या ताब्यांत आहे त्या संस्थेच्या हातीं, मग ती महानगरपालिका असो वा जिल्हा परिषद, दरसाल न चुकतां पडावा व त्याचा हिशेब प्रसिद्ध व्हावा. पुरचुंडी कितीहि घट्ट बांधली तरी ती सोडणारा हात घरांतलाच असतो. त्या हातावर घरच्या सर्वांची नजर असली, तरच पुरचुंडीला अर्थ.