रेडियम आणि रिकामी नळी

गेल्या पावसाळ्यांत एका जुन्या स्नेह्यांकडे आम्ही गेलों असतां त्यांच्या वृद्ध मातोश्री माडीवरील खोलींत एकट्याच बसलेल्या आम्हांस दिसल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर अंतःकिरणोपचार घेऊन त्या आठ दिवसांपूर्वींच घरीं परतल्या होत्या. ताट निराळें, तांब्या निराळा, आणि नातवंडांस माडी चढण्याची बंदी! "तिच्या अंगांत किरण आहेत," असें स्नेह्यांनीं आम्हांस हलक्या आवाजांत सांगितलें. जुन्या सोवळ्याओवळ्यास हंसणाऱ्या त्या सुशिक्षित घरांत हें नवें ओवळें पाहून आम्हांस खेद झाला. परंतु ही भीति केवळ अडाणीपणाची म्हणून झिडकारण्याजोगी नाहीं. तिच्यामागें खरा इतिहास आहे. मात्र त्या इतिहासांत होरपळले ते रुग्णाचे आप्त नव्हेत, त्याची शुश्रूषा करणारे होत.

क्यूरी दांपत्यानें १८९८ सालीं रेडियमचा शोध लाविला. १९०१ सालीं बेकेरेल या शास्त्रज्ञानें त्याची एक नळी सहज बंडीच्या खिशांत बाळगिली, तों कांहीं दिवसांनीं खिशाखालील कातडी भाजल्यासारखी लाल झाली. पिएर क्यूरीनें तर मुद्दाम स्वतःच्या दंडावर रेडियम ठेवून तसाच व्रण करून घेतला. जें निरोगी कातडीस जाळतें तें दुष्ट मांसासही जाळील, हा तर्क वैद्यांस सुचावयास वेळ लागला नाहीं. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयांतील दांलो या त्वचारोगतज्ज्ञानें क्यूरींकडून रेडियम घेऊन त्याच वर्षीं त्वचेच्या क्षयावर त्याचा प्रयोग केला. पुढें १९०३ सालीं, रेडियमचा कण बारीक कांचेच्या नळींत बंद करून ती नळी थेट कर्करोगाच्या गाभ्यांतच कां खुपसूं नये, असा प्रश्न एका पत्रांत विचारला तो कोणी वैद्यानें नव्हे, टेलिफोनच्या जनकानें, म्हणजे ग्रॅहॅम बेलनें!

या कल्पनेचें मर्म एका साध्या नियमांत आहे. दिव्यापासून दूर जावें तसा उजेड मंदावतो. आणि तोहि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत. किरणांचेंहि तसेंच. बिंदूएवढ्या उगमापासून एक सेंटिमीटरवर जो मारा होतो, त्याचा दहा सेंटिमीटरवर शंभरावा हिस्साच उरतो. अर्थात् उगम गांठीच्या पोटांतच ठेवला तर गांठ पुरती भाजून निघते, आणि भोंवतालचे अवयव बव्हंशीं बचावतात. म्हणूनच या उपचारास 'जवळचा उपचार' या अर्थाचें ब्रॅकिथेरपी असें ग्रीक वळणाचें नांव मिळालें. किती रेडियम, कोठें आणि किती वेळ ठेवावें याच्या पद्धति स्टॉकहोम व पॅरिस येथें बसल्या. आणि १९३४ पासून मँचेस्टर येथें पॅटर्सन व पार्कर यांनीं त्यास गणिताची शिस्त लाविली.

परंतु जवळीक ही दुधारी तरवार आहे. सुया व नळ्या रेडियमनें आधींच भरलेल्या असत. डॉक्टर त्या चिमट्यानें उचली, शरीरांत घाली, नीट बसली नाहीं तर काढून पुन्हां घाली. आणि परिचारिका दिवसेंदिवस त्या रुग्णाच्या उशाशीं वावरे. रुग्णाच्या वांट्यास हा मारा आयुष्यांत एकदां दोनदां येई, यांच्या वांट्यास तो रोजचाच. कित्येकांच्या बोटांची कातडी फाटली, कित्येकांचीं बोटें कापावीं लागलीं. हँबुर्ग येथें १९३६ सालीं क्ष-किरण व रेडियम यांपायीं प्राणांस मुकलेल्यांचें स्मारक उभारण्यांत आलें, त्यावर अनेक देशांतील नांवें कोरलेलीं आहेत. स्वतः मेरी क्यूरीहि १९३४ सालीं रक्त आटण्याच्या विकारानेंच गेली. बरें, रेडियमचा अर्धा जोर ओसरावयास सोळाशें वर्षें लागतात. एखादी नळी हरवली वा फुटली तर संकट पिढ्यान् पिढ्यांचें.

यावरचा तोडगा १९६० च्या सुमारास न्यूयॉर्क येथील हेन्श्के या डॉक्टरनें रूढ केला, आणि तो इतका साधा आहे कीं तो आधीं कसा सुचला नाहीं याचें आम्हांस नवल वाटतें. आधीं रिकामी नळी बसवावयाची. घाई नाहीं, भय नाहीं. हवी तितकी चाचपणी करावी. सर्व जागच्या जागीं आहे अशी खात्री पटल्यावर मग तींत किरणोत्सर्गी द्रव्य सोडावयाचें. हल्लीं हें काम यंत्र करितें: इरिडियमचा तांदुळाच्या दाण्याहूनहि लहान तुकडा तारेच्या टोकाशीं पेटींतून निघतो, कांहीं मिनिटें आंत थांबतो व परत पेटींत जातो. डॉक्टर व परिचारिका भिंतीपलीकडे असतात. रेडियमच्या शोधाचा जेवढा गाजावाजा झाला तेवढा या क्रमबदलाचा झाला नाहीं. आमच्या मतें हा अन्यायच होय, कारण गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें गांठलेल्या ज्या असंख्य स्त्रियांस आज हा उपचार मिळतो, त्यांची सेवा करणाऱ्यांचीं बोटें या युक्तीनें शाबूत राहिलीं आहेत.

स्नेह्यांस आम्हीं हेंच समजावून सांगितलें. तुकडा पेटींत परतला कीं रुग्णाच्या देहांत किरणांचा लवलेशहि उरत नाहीं. दिवा मालवल्यावर खोलींत उजेड उरत नाहीं तसेंच तें. त्यांनीं लगेच विचारलें, "मग आमच्या मामांस डॉक्टरांनीं नातवास मांडीवर घेऊं नका असें कां बजावलें?" प्रश्न रास्त होता. मामांच्या पुरःस्थ ग्रंथींत आयोडिनच्या बारीक कुप्या कायमच्या पेरल्या होत्या. त्यांचा जोर दर साठ दिवसांनीं निम्म्यावर येतो, म्हणून आरंभींचे कांहीं आठवडे लहान मुलें व गर्भवती स्त्रिया यांनीं त्यांस फार वेळ बिलगून बसूं नये, इतकेंच पथ्य. मातोश्रींच्या देहांत तसें कांहींच ठेवलेलें नव्हतें. आमचें बोलणें चाललें असतांच धाकटा नातू जिना चढून वर गेला. या खेपेस त्यास कोणी हटकलें नाहीं.