रुग्णालयांतील हिंसाचार

रुग्णालयाच्या आवारात डॉक्टर, परिचारिका, अन्य सेवक किंवा रुग्ण यांच्यावर होणारे हल्ले व तेथील मालमत्तेची मोडतोड यांस ही संज्ञा लावतात. हा प्रश्न अलीकडचा मानला जातो. तथापि मुंबईपुरते पाहिले, तरी त्याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत → प्लेगची साथ उद्‌भवली. ऑक्टोबरच्या आरंभी रुग्णास सक्तीने हलविण्याचा अधिकार नगरपालिकेने हाती घेतला. आर्थर रोडवरील सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयात (सध्याचे कस्तुरबा रुग्णालय) बहुतेक रुग्ण अखेरच्या अवस्थेत पोहोचत व त्यांतील पुष्कळसे दगावत. नातेवाइकांना मात्र आत गेलेला माणूस परतत नाही, एवढेच दिसे. तेथे रुग्णांना मारून त्यांच्या शरीरातून तेल काढतात, अशी अफवा पसरली व ऑक्टोबरअखेर सु. एक हजार गिरणी कामगार या रुग्णालयावर चालून गेले. अफवा निराधार होती. पण तिच्यामागील भय निराधार म्हणता येत नाही. स्त्रियांची परक्या पुरुषांकडून होणारी तपासणी, जातिधर्माच्या आचारास बसणारा धक्का आणि मरतेवेळी आप्तांची ताटातूट ही सारी प्रत्यक्षात घडत होती. सक्ती ज्याच्यावर होई, तो रुग्णही हिंसेचा बळीच होता.

या हल्ल्यानंतर नगरपालिकेने सक्ती काहीशी शिथिल केली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम संमत झाला. त्यान्वये सद्‌भावनेने कृती करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येत नसे; रुग्णाच्या तक्रारीची वेगळी तरतूद त्यात नव्हती. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. याउलट, निरनिराळ्या जातिधर्मांच्या लोकांनी स्वतःची प्लेग रुग्णालये काढल्यावर तेथे रुग्ण आपण होऊन येऊ लागले. ओळखीची माणसे शुश्रूषेस असणे हे पोलीस बंदोबस्तापेक्षा अधिक उपयुक्त ठरले, असे दिसते.

स्वातंत्र्योत्तर काळात सक्तीचे भय ओसरले व अपुऱ्या सोयींवरील रोष पुढे आला. सार्वजनिक रुग्णालयात रात्री-अपरात्री मृत्यूची वार्ता सांगण्याचे काम बहुधा तरुण निवासी डॉक्टरवर येते. सलग कामाने तो थकलेला असतो आणि खाटा, औषधे किंवा यंत्रे कमी पडली, तर त्याचा जाब त्यालाच विचारला जातो. हिंसा बाहेरूनच येते असे मात्र नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात एका परिचारिकेवर तेथील सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. तिच्या मेंदूस कायमची इजा झाली. आरोपीला मारहाण व चोरीसाठी शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, सु. ४२ वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी तिची शुश्रूषा केली.

महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र अधिनियम करून असे हल्ले दखलपात्र व अजामीनपात्र ठरविले. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई अशा तरतुदी आहेत. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयातील एका निवासी डॉक्टरला जमावाच्या मारहाणीत एका डोळ्याची दृष्टी गमवावी लागली. त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि शस्त्रक्रिया लांबल्याने त्याची झळ गरीब रुग्णांना बसली. मुंबई उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर सु. १,१०० सुरक्षारक्षक देण्याचे शासनाने मान्य केले.

एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या साथीत आरोग्यसेवकांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा केंद्र शासनाने ज्या कायद्यात अध्यादेशाने दुरुस्ती केली, तो १८९७ चाच होय. गंभीर दुखापतीस सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात झाली. परंतु तिचा अंमल साथीपुरताच आहे. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या महिला डॉक्टरची बलात्कार करून हत्या झाली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले.