लग्न झाल्यावर नोकरी राहील काय?

दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्या महिला मंडळात पेढे आले. एका आज्जींच्या नातीची हवाई सुंदरी म्हणून निवड झाली होती. पेढा माझ्या हातावर ठेवत आज्जींनी हळूच विचारलं, "लग्न झाल्यावर नोकरी राहील काय गं हिची?" बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही, कारण हाच प्रश्न एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे.

वैमानिकांनी संप केला की पहिल्या पानावर बातमी येते. 2012 साली एअर इंडियाच्या वैमानिकांचा संप 58 दिवस चालला, कित्येकांना बडतर्फ केलं, ते आपण रोज वाचत होतो. त्याच कंपनीतल्या बायकांना मात्र कित्येक वर्षं संप न करताच घरी बसवलं जात होतं, आणि तेही नियमाने! वयाची 35 वर्षं पूर्ण झाली, किंवा नोकरीला लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केलं, किंवा पहिल्यांदा दिवस गेले, यातलं जे आधी घडेल त्या दिवशी नोकरी संपली. पस्तिशीनंतर मुदत वाढवून मिळायची, फार तर 45 पर्यंत, पण ती व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. त्याच विमानात तेच ट्रे उचलणारा पुरुष मात्र 58 पर्यंत नोकरीत. त्याला लग्नाची अट नाही, आणि बाळंतपणाचा तर प्रश्नच नाही.

नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारिणी याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. तिथून खटला दिल्लीला गेला आणि 28 ऑगस्ट 1981 रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती फझल अली यांनी तो लिहिला. गरोदरपणाच्या अटीवर ते फार कडक शब्दांत बोलले. हा भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, असं म्हणून ती अट त्यांनी रद्द केली. संचालकांची मर्जीही गेली. तब्येत ठीक असेल तर 45 पर्यंत नोकरी द्यायलाच हवी, असं ठरलं. तरुण आणि देखण्या मुलीच हव्यात, हा कंपनीचा मुद्दाही न्यायालयाला पटला नाही.

इथवर वाचून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या. पण पुढचं पान उलटलं. चार वर्षं लग्न करायचं नाही, ही अट कायम! कारण काय, तर मुलगी 19 व्या वर्षी लागली तर चार वर्षांनी 23 ची होईल, तोवर तिला समज आलेली असेल, संसार नीट होईल. शिवाय कुटुंबनियोजनाला मदत आणि नव्या मुली नेमण्याचा कंपनीचा खर्चही वाचेल. दोन मुलं हयात असताना तिसऱ्यांदा दिवस गेले तर काढून टाकण्यालाही न्यायालयाची हरकत नव्हती. आणि पुरुष 58 पर्यंत, बायका 45 पर्यंत, हेही चाललं, कारण म्हणे दोघांचा वर्गच वेगळा. तीन पुरुष न्यायाधीशांनी बायकांच्या समजूतदारपणाचं वय असं मोजलं, याचा मला अजून राग येतो.

भांडण तिथे मिटलं नाही. पुढे जमिनीवरच्या कामासह 58 वर्षं मिळाली, पण बायकांनी विमानात पन्नाशीपर्यंतच राहावं, हे 2003 साली त्याच न्यायालयाने मान्य केलं. विमानातल्या सेवकवर्गाची प्रमुख बाई असू शकते, हे मान्य व्हायला 2011 उजाडलं. मिर्झाबाईंच्या बरोबरीच्या किती जणी तोवर निवृत्त होऊन गेल्या असतील!

हे सगळं मी आज्जींना सोप्या शब्दांत सांगितलं. त्या बोटं मोजत होत्या. "एकोणीस आणि चार, तेवीस," त्या म्हणाल्या. "तेविसाव्या वर्षी माझी दोन पोरं शाळेत जात होती की. मला कुणी विचारलं नाही समज आली काय म्हणून."

मग नातीकडे वळून म्हणाल्या, "ते नेमणुकीचं पत्र आण बघू. मागची बाजू पण वाचून दाखव."